कथेचे गाव, कवीचे गाव

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या पश्चिम काठावर कौंडण्यपूर आहे. नदीपलीकडे आर्वीचा मुलूख, म्हणजे वर्धा जिल्हा. नदीकाठच्या उंचवट्यावर विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ आहे, कार्तिकात तिथे यात्रा भरते आणि आषाढीच्या आधी रुक्मिणीची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते. परंपरा या पालखीचा आरंभ 1594 सालापर्यंत मागे नेते. इतर पालख्या संतांच्या, ही देवीच्या माहेरची. त्यामुळे तिच्याबरोबर चालणाऱ्या वऱ्हाडी वारकऱ्याच्या बोलण्यात पंढरीच्या देवाविषयी सोयरिकीचा हक्क असतो. भीमकराजाची, म्हणजे भीष्मकाची, लेक इथली, तिने कृष्णाला पत्र धाडले ते इथून, आणि देवीच्या दर्शनाला गेली असताना तिचे हरण झाले ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून. कौंडण्यपुरापासून त्या देवळापर्यंत भुयार होते, असेही सांगणारे भेटतात.

1962 ते 1964 या काळात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथल्या पांढरीत उत्खनन केले आणि 1968 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. महापाषाणयुगीन लोकांच्या वस्तीपासून सातवाहन काळापर्यंतचे थर या मातीत सापडले. म्हणजे गाव जुने आहे, फार जुने आहे. मात्र थर वस्तीचे वय सांगतो, राजकन्येचे नाव सांगत नाही. महाभारत, हरिवंश आणि भागवत ज्या कुंडिनपुराचे नाव घेतात ते याच जागी होते, असे मानायला परंपरेचा भक्कम आधार आहे. पत्र पाठवणारी रुक्मिणी त्या पुराव्याच्या पलीकडे, काव्यात राहते.

आणि काव्यातली माणसे अनेक गावांची असतात. अरुणाचल प्रदेशात रोइंगजवळ भीष्मकनगर नावाचे जुने अवशेष आहेत आणि तिथल्या इदू मिशमी समाजात रुक्मिणी आपल्यातलीच होती अशी कथा चालत आली आहे. आसामात सदियाच्या परिसराला कुंडिलची आठवण जोडलेली आहे. शंकरदेवांनी रुक्मिणीहरणावर काव्यही लिहिले आणि नाटकही. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या प्रेक्षकाला ती कथा आपल्याच मुलखातली वाटली, तर त्यात नवल नाही. वऱ्हाडातल्या माणसाने यावर रागावण्याचेही कारण नाही. खरे कुंडिनपूर कोणते, हा वाद इतिहासकारांनी करावा. वाङ्मयाच्या वाचकापुढचा प्रश्न निराळा आहे: ही कथा सांगायला बसलेला कवी कुठे बसला होता, कोणासाठी सांगत होता, आणि त्याच्या भोवती काय चालले होते?

लेखकाच्या काळाच्या आणि संस्कृतीच्या संदर्भात साहित्य वाचणे म्हणजे काय, हे समजावून घ्यायला मराठीत रुक्मिणीच्या लग्नाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कथा तीच, पात्रे तीच, शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक. भागवताच्या दशम स्कंधात 52 ते 54 या तीन अध्यायांत ती संपते. पात्रांत बदल नसल्यामुळे प्रत्येक कवीचे वेगळेपण लख्ख दिसते. पण त्यासाठी दोन गावांची गल्लत होऊ देता कामा नये. कौंडण्यपूर हे कथेचे गाव आहे. कवीचे गाव कधी रिद्धपूर, कधी देवगिरी, कधी काशी. संदर्भाच्या नावाखाली पुष्कळदा कथेच्या गावाचा शोध घेतला जातो आणि कवीचे गाव तसेच राहून जाते.

कालिदासाच्या बाबतीत ही गल्लत कशी टाळता येते ते पाहण्यासारखे आहे. ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाचे राज्य दोन चुलतभावांत वाटले जाते, यज्ञसेन आणि माधवसेन यांच्यात, आणि सीमा ठरते वरदा नदी. वरदा म्हणजे आपली वर्धा, कौंडण्यपुराखालून वाहणारी. नाटकातला काळ शुंगांचा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. नाटककार मात्र बहुतेकांच्या मते गुप्तकाळातला. पाचएकशे वर्षांपूर्वीच्या वैदर्भी वाटणीत त्याच्या प्रेक्षकांना रस का असावा? चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भाच्या वाकाटक घराण्यात दिली होती आणि नवरा गेल्यावर मुलांच्या वतीने कारभारही तिनेच पाहिला, हे ताम्रपट सांगतात. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याचा अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट प्रसिद्धच आहे. त्यात भोजकट राज्याचे नाव येते, आणि हे भोजकट रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवले असे पुराणे म्हणतात. नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी हे सगळे धागे आयुष्यभर जुळवले, रामगिरी म्हणजे रामटेक असे मांडले, कालिदासाचा विदर्भाशी प्रत्यक्ष संबंध असावा असा तर्क केला. त्या तर्काच्या शेवटच्या पायरीपर्यंत सगळे अभ्यासक त्यांच्याबरोबर जात नाहीत. तरी उज्जयिनी किंवा पाटलिपुत्रातल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ‘विदर्भ’ हा सोयरिकीने जोडलेला, डोळा ठेवावा असा मुलूख होता, एवढे कळले तरी नाटकातल्या राजकारणाची चव बदलते.

आता मराठीकडे, आणि पुन्हा अमरावती जिल्ह्याकडेच. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी निरोप घेतल्यानंतर त्यांचे अनुयायी त्यांच्या आज्ञेप्रमाणे इथे आले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या, म्हणजे गुंडम राऊळांच्या सन्निध राहिले. राऊळ जगाच्या लेखी वेडे होते. कधी खेळत, कधी रुसत, कोणाच्याही घरात शिरून खायला मागत. भक्तांच्या लेखी ते प्रत्यक्ष परमेश्वर होते. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून जे चरित्र सिद्ध केले त्यात हे वेड आणि हे देवपण एकाच वाक्यात नांदते. अॅन फेल्डहाउस यांनी 1984 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यावर बाहेरच्या जगालाही हा विलक्षण गद्यग्रंथ कळला.

एकदा राऊळांना आपले लग्न व्हावे असे वाटले. भक्तांनी लटक्या लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटले की वराचे धवळे गायचे, म्हणून आज्ञा झाली महदाइसेला. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायले. सन साधारण 1287. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव पाठ्यपुस्तकात येते ते याच रचनेमुळे.

पाठ्यपुस्तकात वाचताना हे धवळे साधे, घरगुती, किंचित विस्कळीत वाटतात. अलंकार बेताचे, कथेचा वेग कमी-जास्त. एखादा परीक्षक त्यांना काव्य म्हणून काठावर पास करील. पण रिद्धपूरचा संदर्भ बाजूला ठेवून दिलेला हा निकाल चुकीच्या न्यायालयातला आहे. धवळे हा कागदावरचा प्रकारच नव्हे. आजही रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण येते आणि एकेका विधीला धवळे गाऊन लग्न पुढे नेते. तिचे गाणे थांबले तर विधी अडतो. महदाइसेच्या रचनेत कुठे रेंगाळणे आहे आणि कुठे घाई, हे लग्नघरातल्या कामाच्या गतीने तपासायला हवे. महाकाव्याच्या मोजपट्टीला तिथे काम नाही.

दुसरी गोष्ट पंथाच्या तत्त्वज्ञानातली. महानुभाव पंचकृष्ण मानतात: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर. म्हणजे धवळ्यांतला नवरदेव आणि समोर बाशिंग बांधून बसलेला म्हातारा, हे महदाइसेच्या लेखी वेगळे नव्हतेच. बाहेरच्या वाचकाला वाटते की राऊळांना गंमतीने कृष्णाची उपमा दिली आहे. तिथे उपमा नाही. जो द्वारकेहून कुंडिनपुराला आला तोच रिद्धपुरात बसला आहे, आणि गाणारी त्याला त्याचीच हकीकत ऐकवते आहे. हा विश्वास वाचकाने स्वतः ठेवलाच पाहिजे असे नाही. तो गृहीत धरला नाही तर मात्र गाण्यातला जिव्हाळा नुसता भाबडेपणा वाटू लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत टोकदार, आणि तिच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. महदाइसा बालविधवा होती. तेराव्या शतकातल्या ब्राह्मणघरातली विधवा लग्नाच्या मांडवापासून लांब ठेवायची. मंगल कार्यात तिची सावलीही नको. त्या बाईला परमेश्वर स्वतःच्या लग्नाचे गाणे म्हणायला सांगतो, आणि ती एका मुलीचे गाणे म्हणते जिने घरच्यांनी ठरवलेला नवरा नाकारून स्वतःच्या पसंतीच्या वराला पत्र धाडले. याहून अधिक भाष्य करण्याची गरज नाही. फक्त एवढे नोंदवावे की हा अर्थ ओव्यांत कुठेही लिहिलेला नाही. महदाइसा स्वतःच्या वैधव्याविषयी तिथे एक अक्षर काढत नाही. तो अर्थ गाणाऱ्या बाईच्या जागेवरून येतो. लेखकाचा संदर्भ शब्दांना पूरक ठरतो तो असा. तिने पुढे ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ही रचले, वर्णमालेच्या क्रमाने, म्हणजे हा विषय तिने एकदा आज्ञेखातर गाऊन सोडून दिला नाही.

त्यानंतर चार-पाच वर्षांतच हीच कथा देवगिरीच्या दरबारात पोचली. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके 1214 चे, म्हणजे 1292 च्या सुमाराचे मानतात. राजा रामदेवराव यादव. भाषा रेशमी, वर्णने लांबलचक, विरहिणी रुक्मिणीची एकेक अवस्था सोनाराच्या धीराने घडवलेली. रिद्धपूरचे अंगण आणि हे काव्य यांत दहा वर्षांचेही अंतर नाही, पण कान वेगळे आहेत. इथे संस्कृत महाकाव्ये ऐकून तयार झालेले रसिक बसले आहेत, आणि मराठीतही ते साधते हे कवीला त्यांच्यापुढे सिद्ध करायचे आहे.

या काव्याभोवती पंथात एक गोष्ट सांगतात. राजाला काव्य इतके आवडले की ते आपल्या नावावर करावे अशी त्याने मागणी घातली आणि दर ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्राने कविकुळाला कमीपणा येईल म्हणून नकार दिला आणि पुढे दरबार सोडून पंथाचे आचार्य नागदेव यांना शरण गेला. ही गोष्ट घडली तशीच आपल्यापर्यंत आली की पंथाने आपल्या कवीचा मोठेपणा सांगायला ती घडवली, हे ठरवणे अवघड आहे. चरित्रकथा अनेकदा काव्यातूनच उगवतात आणि मग त्याच काव्याचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. संदर्भवादी समीक्षेने सर्वांत जास्त ठेचा खाल्ल्या आहेत त्या याच वाटेवर. तरीही दंतकथेला स्वतःचा संदर्भ असतो. ‘काव्यावर नाव कोणाचे’ हा प्रश्न यादवकाळानंतरच्या एका वाचकसमूहाला एवढा जिव्हाळ्याचा वाटला की त्याने त्याची कथा जपली, ही माहिती काही थोडी नव्हे.

नरेंद्राच्या काव्यानंतर चार वर्षांनी, 1296 मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर आली. ज्या दरबाराच्या कानासाठी ते काव्य होते तो दरबार मोडकळीला लागला. पंथाची पोथी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेली आणि मठांच्या बाहेर ती कोणाला वाचता येईना. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे अशा मंडळींच्या प्रयत्नाने ती कवाडे उघडली आणि वि. भि. कोलत्यांनी पुढे पन्नास वर्षे त्या खोलीत उजेड केला. तोवर मराठीच्या मुख्य प्रवाहातल्या वाचकाला रुक्मिणीस्वयंवर म्हटले की एकच नाव आठवे, एकनाथ.

नाथांनी आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके 1493, म्हणजे 1571 मध्ये, काशीत पूर्ण केले. अठरा प्रसंग, सतराशेहून अधिक ओव्या. दोन वर्षांनी त्याच काशीत त्यांचे भागवत पूर्ण झाले, ज्यावरून तिथल्या पंडितांनी वाद घातल्याची आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. पैठणचा गृहस्थाश्रमी माणूस, घरापासून शेकडो कोस दूर, संस्कृतच्या राजधानीत बसून मराठीत लग्न लिहितो. भागवतकार द्वारकेतला विवाह थोडक्यात आटोपतात. नाथ तिथेच पाय पसरून बसतात. हळदी, मानपान, विहिणींची रुसाफुगी, पंगती, एकूण एक. भीमकीचे लग्न पैठणच्या वाड्यात लागते आहे असे वाटावे. आणि त्या सगळ्याच्या पोटात जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक शांतपणे चालू असते. नवरा-बायकोच्या संसारात परमार्थ होतो, हे नाथांच्या आयुष्याचेच म्हणणे होते. लग्नाचा तपशील त्यांना कथेतली अडगळ वाटत नाही. त्यांचे तत्त्वज्ञान त्यातच मुरलेले आहे.

मात्र काळाची प्रत्येक घटना काव्यात शोधायला जाणे हाही एक छंदच ठरतो. तालिकोटची लढाई 1565 ची. अचलपूरची इमादशाही निजामशाहीने गिळली ती 1574 ची, म्हणजे कथेतला विदर्भ देश नाथ लिहीत असतानाच मालक बदलण्याच्या बेतात होता. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर, तेव्हाच्या दौलताबादेत, निजामशाहीच्या चाकरीत होते. नरेंद्राचा दरबार आणि नाथांची गुरुशाळा एकाच डोंगरावर, मध्ये अडीचशेहून अधिक वर्षे! सनावळी मोहात पाडणारी आहे. पण शिशुपाल म्हणजे अमुक सुलतान असे समीकरण नाथांच्या ओव्यांवर लादले तर त्यात ओव्या उरणार नाहीत. त्यांच्या भोवतीचे राजकारण आपल्याला इतकेच सांगते की मराठीला दरबार उरला नव्हता आणि श्रोता घराघरांत होता. आजही लग्न जमावे म्हणून मुली या ग्रंथाचे पारायण करतात. जीव-शिवाचे रूपक जुळले का, हे त्या पारायणात कोणी विचारत नाही.

समीकरणे लादण्याच्या या सवयीचा सर्वांत कडक अभ्यासक एक सरकार होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. द्रौपदी म्हणजे भारतमाता, कीचक म्हणजे कर्झन, संयम सांगणारा धर्मराज मवाळ आणि भीम जहाल, हे प्रेक्षकांना कळत होते. ते इंग्रजांनाही कळले. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली आणि इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोलने त्यावर तपशीलवार लिहिले. पुराणकथा, लेखकाचा पक्ष, प्रेक्षकांचा प्रतिसाद आणि वर्ष, ही चारही कागदपत्रे जोडून केलेले इतके अचूक रसग्रहण मराठी समीक्षकांनाही क्वचितच साधले आहे, फक्त त्याचा शेवट हुकूमनाम्यात झाला.

मग त्याच खाडिलकरांनी 10 डिसेंबर 1916 रोजी रुक्मिणीचीच कथा रंगभूमीवर आणली, ‘स्वयंवर’. गंधर्व नाटक मंडळी, भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि रुक्मिणी बालगंधर्व. टिळक मंडालेहून सुटून दोन वर्षे झाली होती, होमरूल लीग त्याच वर्षी स्थापन झाली होती आणि लखनौ काँग्रेस पंधरवड्यावर आली होती. टिळकांच्या ‘केसरी’त घडलेल्या लेखकाने याच घडीला पराक्रमी कृष्ण आणि जुलमी सम्राट जरासंध रंगवावेत, म्हटल्यावर रूपक शोधायचा मोह अनावर होतो. यावेळी बंदी आली नाही. प्रेक्षक पदांना वन्समोअर देत राहिले, आणि स्त्रिया बालगंधर्वांच्या रुक्मिणीच्या नेसण्याकडे, दागिन्यांकडे बारकाईने पाहत राहिल्या. लेखकाचा संदर्भ ‘कीचकवधा’चाच होता, नाटक कंपनीचा, गळ्याचा आणि तिकिटाचा संदर्भ वेगळा होता आणि तो जिंकला. लेखक एकटा संदर्भ घडवत नाही, हे ज्यांना अमूर्त वाटत असेल त्यांनी ही दोन नाटके शेजारी ठेवावीत.

संदर्भाला किती वजन द्यावे यावर समीक्षकांचेही एकमत नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात तेन या फ्रेंच समीक्षकाने वंश, परिस्थिती आणि काळ या तीन किल्ल्यांनी साहित्य उघडू पाहिले. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या नव्या समीक्षकांनी लेखकाचा हेतू वाचकाला बांधील नाही असे सांगितले आणि रोलाँ बार्थने 1967 मध्ये लेखकाचा मृत्यूच जाहीर करून टाकला. आपल्याकडे राजवाड्यांनी संतांवर निष्क्रियतेचा ठपका ठेवला आणि गं. बा. सरदारांनी 1950 मध्ये ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ लिहून त्या ठपक्याला समाजशास्त्रीय उत्तर दिले. दुसरीकडे मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीखेरीज बाकी सारे उपरे ठरवले. हे वाद जुने झाले असले तरी निकालात निघालेले नाहीत. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत असताना ते नव्याने पेटले, तर वऱ्हाडाला आनंदच होईल.

वाचकाने कोणत्या क्रमाने जावे याबद्दल एक सूचना करावीशी वाटते. सवयीने नाथांपासून सुरुवात केली की महदाइसा त्यांची कच्ची प्रत वाटू लागते आणि नरेंद्र अकारण नटवा. म्हणून आधी धवळे घ्यावेत, तेही मोठ्याने, शक्य असेल तर दोघांनी मिळून. मग भागवताचे तीन अध्याय. कोणी काय वाढवले आणि काय सोडले याच्या खुणा तिथे करून ठेवाव्यात. नंतर नरेंद्र, सावकाश, कोलत्यांच्या टिपांसह, कारण यादवकालीन मराठी पहिल्या वाचनात हाती लागत नाही. नाथ शेवटी. कथेत जिथे लग्नघर येते तिथे थांबून चौघांची पाने एकमेकांशेजारी उघडावीत: मांडवात कोण आहे, कोणाला बोलावलेले नाही, आणि रुक्मिणी स्वतःच्या तोंडाने किती बोलते, एवढे तीनच प्रश्न घेऊन.